बोट पाण्यात उतरण्यापूर्वी

जुलै महिना अर्ध्यावर आला, की आमच्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एक ठरावीक वास दरवळू लागतो. मासळीचा नव्हे, त्या दिवसांत ताजी मासळी असतेच कुठे? तेलरंग, थिनर, भिजलेले लाकूड आणि इंजिनातून काढलेले काळे तेल यांचा मिळून तो वास असतो. पावसाची सर ओसरली की ताडपत्र्या बाजूला होतात आणि बोटीबोटींखालून ठाकठूक, खरडखरड सुरू होते. रविवारी समुद्र पाहायला आलेली मंडळी थोडा वेळ उभी राहतात, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांकडे कौतुकाने पाहतात आणि विचारतात, "काय हो, सणासाठी रंगवताय का?"

महाविद्यालयातल्या मैत्रिणींनीही हाच प्रश्न मला दोन-तीन वेळा विचारला आहे. त्यांना दोष कसा द्यावा? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो तो बोटीचा वरचा भाग. त्यावरचा रंग थोडासा हौसेचा असतो, थोडासा सरकारी नियमाचाही. २००८ साली मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला, त्यानंतर मासेमारी बोटींना राज्याराज्यांप्रमाणे रंग आणि नोंदणी क्रमांक ठरवून दिले गेले. पण खरे काम पाणरेषेच्या खाली चालते. बोट पाण्यात उतरली की तो भाग कुणाला दिसत नाही आणि पुढचे आठ-दहा महिने आमच्या घरचे पोट त्याच न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असते. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

आधी वेळापत्रक पाहू. महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा १९८१ साली झाला. पावसाळ्यातील मासेमारी बंदीचा शेवट पूर्वी नारळी पौर्णिमेशी जोडलेला असे. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. हा काळ माशांच्या विणीचा आणि दर्या खवळलेला असण्याचा. मे महिन्याच्या अखेरीस बोटी ओढून किनाऱ्यावर घेतात आणि त्यांच्यावर आच्छादन घालतात. याला आमच्याकडे बोट 'शाकारणे' म्हणतात. घर शाकारावे तशी बोट शाकारायची. झावळ्यांच्या जागी आता निळे प्लास्टिक आले आहे, शब्द तोच राहिला आहे.

मोठी बोट मनाला येईल त्या दिवशी वर ओढता येत नाही आणि मनाला येईल त्या दिवशी पाण्यात लोटताही येत नाही. त्यासाठी उधाणाची भरती लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे भरती अर्ध्यातच थबकते. पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ठिकाणाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होते, पण आमच्या आजोबांनी घड्याळापेक्षा या पाऊणपटीवर अधिक विश्वास ठेवला.

आता सरकारी तारीख आणि तिथी यांचे नेहमीच जुळते असे नाही. २०२४ साली अमावास्या ४ ऑगस्टला होती. बंदी उठली आणि पाणीही चढत गेले. २०२५ साली मात्र १ ऑगस्टला नेमकी अष्टमी आली. कायद्याने दर्या मोकळा झाला, पण उंचावर ओढून ठेवलेल्या बोटींपर्यंत पाणी यायला पौर्णिमेची वाट पाहणे भाग होते आणि ती आली ८-९ तारखेला. तेव्हा बोटीच्या साफसफाईचा सारा बेत उधाणाच्या तिथीवरून उलट मोजत आखावा लागतो. ते उधाण चुकले तर पुढचे पंधरवड्याने. पंधरा दिवस बोट कोरड्यावर म्हणजे पंधरा दिवस खलाशांचा खर्च चालू आणि कमाई शून्य.

यात खरी गोम अशी, की बोट रंगवायला जे दोन महिने मिळतात तेच पावसाचे दोन महिने. लाकूड सुकल्याशिवाय रंग धरत नाही आणि लाकूड सुकवायला सवड आहे ती आषाढात! किनाऱ्यावरची अर्धी भांडणे या एका गोष्टीतून होत असतील.

आता मुळात बोटीच्या बुडाला होते तरी काय ते सांगते.

समुद्राच्या पाण्यात कोणतीही वस्तू बुडवा, काही तासांत तिच्यावर बुळबुळीत थर येतो. तो असतो सूक्ष्म जंतूंचा आणि डायॅटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचा. हाताला फक्त निसरडे लागते. त्यावर हिरवे शेवाळ धरते. मग येतात बार्नेकल. खडकावर, जेटीच्या खांबांवर पांढरट, टोकदार, ज्वालामुखीच्या तोंडासारखे जे लहान लहान उंचवटे दिसतात आणि अनवाणी पायाला कापतात, ते हेच. अनेकांना ते शंख-शिंपल्यांच्या जातीचे वाटतात. प्रत्यक्षात तो कोळंबी आणि खेकड्यांच्या कुळातला प्राणी आहे. लहानपणी तो पाण्यात मोकळा पोहतो. मग योग्य जागा चाचपून पाहतो, पसंत पडली की डोक्याकडून स्वतःला चिकटवून घेतो, भोवती चुन्याची घरटी बांधतो आणि उरलेले आयुष्य उलटे राहून पायांनी पाणी ढवळत अन्न तोंडात ओढतो. चार्ल्स डार्विनने आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिण्याआधी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या एकाच प्राण्याच्या अभ्यासात घालवली, हे मी वाचले तेव्हा मला जरा बरे वाटले. आम्हीही दर वर्षी त्याच्यावर बरेच दिवस घालवतो. आमच्या हाती मात्र पटाशी असते.

त्याचा डिंक असा, की पटाशीने टवका उडवला तरी खाली गोल पांढरा ठसा राहतो. तो ठसा तसाच ठेवून वर रंग लावला तर रंगाचा पापुद्रा तेथूनच सुटतो. शिवाय जुन्या घराच्या जागी नवे बिऱ्हाड येण्यास वेळ लागत नाही. हा प्राणी आपल्या जातभाईंच्या खुणा ओळखून त्यांच्याजवळच बसतो. बुडावर असा खडबडीत थर साचला की पाणी बोटीला धरून ठेवते. इंजिन तेवढेच, पंखा तेवढाच, पण बोट पुढे सरत नाही. डिझेल जळत राहते.

बार्नेकल निदान डोळ्यांना दिसते. लाकडी बोटीचा त्याहून मोठा वैरी दिसतच नाही. लाकूड पोखरणारा हा जीव. त्याला कुणी समुद्री वाळवी म्हणतात, कुणी किडा म्हणतात. शास्त्रज्ञ त्याला टेरेडो म्हणतात आणि सांगतात की तो किडा नसून शिंपल्यांच्या जातीचा आहे. त्याचे शिंपले मात्र अंगाला पुरत नाहीत. ती दोन छोटी कवचे डोक्याशी असतात आणि त्यांच्या कडा कानशीसारख्या चालतात. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो लहानपणीच लाकडात शिरतो आणि आत खात खात वाढतो, म्हणून बाहेरचे छिद्र कधी मोठे होत नाही. वरून फळी शाबूत दिसते. हातोडीने वाजवली की मेस्त्री मान हलवतो, कारण आवाज भरीव येत नाही. आत करंगळीएवढी जाड भोके असतात आणि त्यांना आतून चुन्याचा गुळगुळीत गिलावा केलेला असतो.

कोलंबसाच्या चौथ्या सफरीत त्याची जहाजे या जिवाने इतकी पोखरली की १५०३ साली ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली आणि त्याला तेथे वर्षभर अडकून पडावे लागले. उलट मार्क ब्रुनेल या इंजिनिअराने याच जिवाची पुढे खोदत जाण्याची आणि मागे भिंत लिंपत जाण्याची रीत पाहिली व तिच्यावरून बोगदा खणण्याची ढाल तयार केली. १८१८ साली त्याने तिचे पेटंट घेतले आणि पुढे १८४३ मध्ये लंडनच्या थेम्स नदीखालचा बोगदा त्या पद्धतीने पुरा झाला. ज्याने एवढ्या बोटी बुडवल्या त्यानेच माणसाला नदीखालून वाट दाखवली म्हणायची.

टेरेडोची आणखी एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बोट पाण्याबाहेर आली की तो आपल्या छिद्राला आतून दोन झाकणे लावून घेतो आणि आतल्या ओलाव्यावर दिवस काढतो. परिस्थिती अनुकूल असली तर दोन-तीन आठवडेसुद्धा. म्हणजे चार दिवस बोट वर घेऊन रंग फासला तर तो रंगाखाली जिवंतच राहायचा. दोन महिने कोरड्यावर काढल्यावर मात्र त्याचा निभाव लागत नाही. गोड्या पाण्यातही तो फार काळ तग धरत नाही. पावसाळ्यात बोटी वर काढण्याची चाल वादळाच्या भीतीने पडली असेल, पण तिचा हाही लाभ आहे.

या सगळ्यावर उपाय माणसाने फार पूर्वीपासून शोधले. आमच्या वसईला तर त्याचा इतिहासच आहे. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. मागच्या जंगलांतून साग येई आणि येथे जहाजे बांधली जात. फळ्यांच्या फटींत कापसाच्या वाती ठोकून त्या राळेने बंद करण्याच्या कामाला गोदीच्या जुन्या बोलीत 'कालापत्ती' म्हणत. हा शब्द पोर्तुगीज 'कालाफाते'वरून आला असे कोशकार सांगतात. किल्ला गेला, सत्ता गेली, शब्द राहिला. आजही लाकडी बोटीला पहिले काम हेच : जुनी कुजलेली वात उपसायची, नवी तेलात भिजवून, छिन्नी-हातोडीने फटीत बसवायची. कमी ठोकली तर पाणी येते, फार ठोकली तर लाकूड फुगल्यावर फळीच उचलली जाते. हे हाताला कळावे लागते. आमचे मेस्त्री काम चालू असताना कुणालाही जवळ बोलू देत नाहीत, कारण त्यांना आवाज ऐकायचा असतो.

वातीवर पूर्वी राळ आणि तेल कढवून लावत. बुडाला चुना व तेल यांचा लेप देत, मुशीच्या काळजाचे तेल चोपडत, झावळ्या पेटवून बूड शेकत. यांतले शेकणे आता कुणी करत नाही. माशाच्या तेलाचा वास मात्र आजीला अजून आठवतो. सागाचे लाकूड स्वतःच बळकट. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. पण सागालाही जपावे लागतेच.

मोठा शोध लागला तो तांब्याचा. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा शिरला नाही, शेवाळ धरले नाही. पण परत आल्यावर पाहतात तो पत्र्यांखालचे लोखंडी खिळे झिजून गेलेले! दोन वेगळ्या धातूंना खारे पाणी लागले की त्यांच्यात वीज खेळते आणि एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते. पुढे पत्रेही झिजतात असे दिसून आले, म्हणून १८२४ साली हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने युक्ती काढली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले की ते झिजतील आणि तांबे वाचेल. युक्ती अगदी बरोबर ठरली. तांबे झिजायचे थांबले. आणि त्याबरोबर जहाजाचे बूड पुन्हा शेवाळ-बार्नेकलांनी भरून गेले!

कारण तांबे झिजत होते, पाण्यात विरघळत होते, म्हणूनच जिवांना तेथे बसवत नव्हते. बोटीच्या बुडाला आज जो तांबडा रंग लावतात त्याचेही मर्म हेच. त्यात तांब्याचे ऑक्साइड असते. तो साध्या तेलरंगासारखा टिकण्यासाठी केलेला नसतो. थोडाथोडा विरघळून जाण्यासाठीच केलेला असतो. हंगामाच्या शेवटी तो पातळ झालेला दिसला तर रंगवाल्याने फसवले असे समजू नये. त्याने काम केले.

ही एक गोष्ट कळली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. तांबड्या रंगावर चकाकीसाठी तेलरंगाचा हात देऊ नये. विष आतच कोंडले जाईल. डब्यात तांब्याची भुकटी तळाला बसते, म्हणून डबा तळापासून घोटल्यावाचून ब्रश बुडवू नये. नाहीतर पहिल्या बोटीला नुसते तांबडे पाणी आणि शेवटच्या बोटीला सगळे तांबे. थिनर घालून रंग पुरवू नये. आणि रंग सुकल्यावर बोट फार दिवस उघड्यावर ठेवू नये, हवेने वरचा थर मंद होतो. डब्यावर मुदत छापलेली असते ती वाचावी. मुदत आणि उधाणाची तिथी जुळवणे हे नाखव्याचे कसब.

आमच्याकडे हे कसब एकदा चुकले. मी बारावीत होते. त्या वर्षी जुलैचा शेवटचा आठवडा सलग पडला. बूड घासून झाले होते, पण लाकूड ओलसर होते. आजोबांनी फळीवर तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "पंधरा दिवस थांब. पुढच्या उधाणाला जाऊ." बाबा म्हणाले, "बाबा, शेजारच्या चार बोटी परवा जातायत. खलाशांना आगाऊ पैसे देऊन बसलोय, पंधरा दिवस त्यांना काय खायला घालू?" दोघांचेही खरे होते. एका दिवसाची उघडीप मिळाली. स्टोव्ह लावून, फडक्यांनी पुसून, आम्ही सगळ्यांनी मिळून एका दिवसात प्रायमर आणि रंग दोन्ही उरकले. मी स्वतः सुकाणूच्या बाजूचा भाग रंगवला होता. बोट ठरल्या उधाणाला गेली.

दसऱ्यापर्यंत काही कळले नाही. मग बाबा म्हणू लागले की बोट जड चालते. जेथून पाच तासांत परत येत असू तेथून सहा तास लागू लागले, आणि तासाभराचे डिझेल दर फेरीला जास्त. बर्फ वितळतो तो वेगळा. मासळी उशिरा बंदराला लागली की भाव उतरलेला असतो. दिवाळीच्या अमावास्येला ऐन हंगामात बोट वर घ्यावी लागली. बुडाचा रंग ताटाएवढ्या पापुद्र्यांनी निघाला होता आणि उघड्या जागी बार्नेकलांची दाटी झाली होती. मी रंगवलेल्या भागावर सर्वांत जास्त. पंधरा दिवस वाचवायला गेलो आणि तीन आठवडे घालवले. त्या वर्षी माझ्या महाविद्यालयाच्या प्रवेशाचे पैसे काकीने आपल्या सुक्या बोंबलांच्या विक्रीतून भरले. आजोबा याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बाबांना सोपे गेले असते, असे मला वाटते.

ओले लाकूड ओळखण्याची सोपी रीत त्यानंतर मी शिकले. रात्री फळीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून ठेवायचा. सकाळी आतून दव जमलेले दिसले तर रंगाचा डबा उघडायचा नाही.

आता लाकडी बोटी कमी होत चालल्या आहेत. चांगला साग परवडत नाही आणि कालापत्ती जाणणारे मेस्त्री म्हातारे झाले. त्यांच्या जागी फायबरच्या बोटी आल्या, किंवा जुन्या लाकडी बोटीवरच फायबरचे कापड आणि राळ यांचे कवच चढवले जाते. फायबरला टेरेडो खात नाही, हे खरे. पण बार्नेकलला लाकूड काय आणि फायबर काय, बसायला जागा हवी. शिवाय लाकडावर चढवलेल्या कवचाला कोठे चीर गेली, की पाणी आत शिरून लाकूड झाकल्या झाकल्या कुजते. म्हणून अशा बोटीवर टिचकी मारत फिरायचे आणि पोकळ आवाज येईल तेथे कवच कापून आतले लाकूड पाहायचे. वरून लांबी भरून रंग फासण्याचा मोह आवरायचा.

फायबरच्या बोटीला पॉलिशही असते. उन्हाने तिचा वरचा चकचकीत थर खडूसारखा होतो. हात फिरवला की हाताला पांढरे लागते. मग गोड्या पाण्याने मीठ धुऊन, बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासायचे, नंतर घासण्याची पेस्ट आणि शेवटी मेण. थर पातळ असतो, म्हणून हात आवरता ठेवावा. मेण पाणरेषेच्या वरच थांबले पाहिजे, कारण मेणावर तांबडा रंग धरत नाही. नवीन बोट साच्यातून निघते तेव्हाही तिच्या अंगाला साच्याचे मेण असते. ते काढून टाकून पृष्ठभाग खरखरीत केल्याखेरीज पहिला हात देऊ नये.

पंखा आणि त्याचा दांडा यांना कानशीचा हात लागतो. पंख्याच्या पात्याला एवढासा खडबडीतपणा असला तरी बोट थरथरते. जवळच जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. डेव्हीचीच ती युक्ती, या वेळी पंख्याला वाचवण्यासाठी : जस्त झिजते, पंखा राहतो. अर्ध्याहून अधिक झिजला असेल तर तो बदलावा, आणि हौसेने रंगवू तर मुळीच नये. रंगवलेले जस्त झिजत नाही, मग पंखा झिजतो. इंजिनाचे काम मेकॅनिकचे, त्यात मी पडत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण किनाऱ्यावर ती फारशी कुणी बोलत नाही. जो रंग बार्नेकलला मारतो तो कालवांना सोडून देतो काय? फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरात १९७० च्या दशकात कालवांची कवचे वेडीवाकडी, जाड होऊ लागली आणि नवी पैदास थांबली. शोध घेता कारण निघाले बोटींच्या बुडाच्या रंगातले कथिलाचे एक संयुग. १९८२ साली फ्रान्सने लहान बोटींसाठी ते बंद केले, आणि २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जो २००८ पासून लागू झाला, असे रंग जगभरच बंद झाले. तांब्याचा रंग त्या मानाने सौम्य, पण विष तेही आहेच. बोट समुद्रात असताना ते थोडेथोडे विरघळते ते वेगळे; आम्ही घासताना मात्र वर्षाचा उरलेला रंग एकाच जागी, भरतीच्या वाटेवर सांडतो. पहिल्याच उधाणाला तो खाडीत जातो.

आजी दर वर्षी बाबांना सांगते, "रंग तिथे सांडू नको रे. त्याच खडकांवरची कालवं आम्ही फोडून आणतो." बाबा हो म्हणतात. गेली तीन वर्षे मी बोटीखाली जुनी ताडपत्री पसरते. बूड आधी ओले करून घासते, म्हणजे तांब्याची धूळ उडून नाकातोंडात जात नाही, आणि निघालेला कचरा गोणीत भरते. पहिल्या वर्षी दोन गोण्या भरल्या. शेजारच्या नाखव्याने विचारले, "पोरी, सोनं गोळा करतेस का?" या वर्षी त्याच्या बोटीखालीही प्लास्टिक होते. त्या गोण्यांचे पुढे करायचे काय, याची सोय मात्र किनाऱ्यावर नाही. आमच्या दोन्ही अजून पडवीत पडून आहेत.

बोट उतरवण्याचा दिवस सगळ्यांना ठाऊक असतो. नारळी पौर्णिमेला हिंदू कोळी नारळ वाहतात; वसईच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत धर्मगुरू येऊन बोटींना आशीर्वाद देतात. पताका, हार, ध्वनिक्षेपक यांचे वर्णन वर्तमानपत्रांत येतेच, ते मी करत नाही. वर्तमानपत्रांत जी येत नाही ती त्यानंतरची रात्र. दोन महिने सुकलेल्या लाकडी बोटीच्या फळ्या आकसलेल्या असतात. पाण्यात गेल्यावर त्या पाणी पितात, फुगतात आणि मग फटी आपोआप मिटतात. पण मिटेपर्यंत बोट गळते. म्हणून पहिल्या रात्री कुणीतरी बोटीवरच झोपायचे आणि दर दोन तासांनी पाणी उपसायचे. गेल्या वर्षी बाबा आणि आजोबा दोघेही राहिले होते. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आजोबा तळातल्या फळीवर हात ठेवून बसले होते. पंप बंद होता.